हायडनच्या वाद्यवृंदातली माणसं

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या मैफलीत एक क्षण मला फार आवडतो. कार्यक्रमपत्रिकेत एखादा कॉन्चेर्टो असतो; पण त्याचा मुख्य वादक विमानानं आलेला, पोस्टरवर झळकणारा पाहुणा नसतो. तो त्याच वाद्यवृंदातला असतो. एरवी दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत बसून आपल्या वाट्याच्या चार ओळी इमानानं वाजवणारी बासरीवादक बाई उठते, पुढं येते आणि वीस मिनिटं सगळं सभागृह तिचं होतं. मध्यंतरानंतर बघावं, तर ती पुन्हा आपल्या जुन्या खुर्चीत. शेजारच्याच्या कानात काहीतरी कुजबुजते, हसते. जणू मधे काही घडलंच नाही.

हे उठणं आणि पुन्हा जाऊन बसणं कधीपासूनचं? याचा माग काढायला गेलं की अठराव्या शतकात अनेक वाटा लागतात. त्यातली एक वाट मात्र अशी आहे, की तिच्यावर माणसं भेटतात. त्यांची नावं, पगार, भांडणं आणि एकाच्या हातून लागलेली आगसुद्धा. ती वाट योसेफ हायडनची. आज त्याच वाटेनं जाऊ.

१ मे १७६१ या दिवशी हायडननं एस्टरहाझी घराण्याच्या नोकरीचा करार केला. वय २९. त्याआधी तो मॉर्त्सिन नावाच्या एका सरदाराकडं होता. पण सरदाराची तिजोरी आटली आणि त्यानं वाद्यवृंदच मोडून टाकला. एस्टरहाझी म्हणजे हंगेरीतलं बडं, अतिश्रीमंत घराणं. व्हिएन्नापासून फार लांब नसलेल्या आयझेनश्टाट गावी त्यांचा वाडा. तिथले दरबारी संगीतप्रमुख ग्रेगोर वेर्नर वयोवृद्ध झालेले, म्हणून हायडनला उपप्रमुख नेमलं. पगार वर्षाला ४०० गुल्डन आणि जेवण अधिकाऱ्यांच्या पंगतीला.

या कराराची चौदा कलमं आहेत आणि ती वाचण्यासारखी आहेत. हायडननं आणि त्याच्या हाताखालच्या वादकांनी राजेसाहेबांसमोर गणवेशात यायचं; पांढरे मोजे, पांढरा सदरा, केसांना पावडर आणि मागं शेंडीसारखी वेणी किंवा टोप. रोज दुपारच्या आधी आणि नंतर बाहेरच्या दालनात येऊन उभं राहायचं आणि आज संगीत हवं की नको, याचा हुकूम घ्यायचा. वादकांशी सौम्यपणे वागायचं, पण खाण्यापिण्यात फार सलगी करायची नाही. वाद्यांची देखभाल करायची. आणि सगळ्यात जाचक कलम म्हणजे जे काही लिहाल ते राजेसाहेबांचं. त्याच्या नकला बाहेर द्यायच्या नाहीत आणि परवानगीशिवाय दुसऱ्या कुणासाठी काही रचायचं नाही. हे कलम पुढं १७७९ च्या नव्या करारात गेलं. पण तोवर अठरा वर्षं गेली होती.

आपल्याला हे ऐकून धक्का बसायचं कारण नाही. बडोद्याच्या दरबारात कलावंत खातं होतंच. संस्थानाच्या पदरी असलेला गवई किंवा बीनकार हाही शेवटी पगारपत्रकावरचा नोकर. मानमरातब एकीकडे आणि हजेरी दुसरीकडे. फरक असलाच तर इतकाच, की आपल्याकडचा बुजुर्ग एकटा बसून गायचा, त्याचं घराणं त्याच्या पाठीशी असायचं. हायडनच्या हाताखाली पंधरा-सोळा जण एकत्र वाजवणारे. अशा घोळक्यात कुणाचं नाव कसं उरावं?

आता या नव्या उपप्रमुखानं आल्या आल्या काय केलं ते पाहा. त्याच वर्षी त्यानं तीन सिंफनी लिहिल्या. नावं फ्रेंच, अर्थ साधे: सकाळ, दुपार आणि संध्याकाळ. दिवसाच्या प्रहरांची ही कल्पना खुद्द पाल आंटोन राजेसाहेबांनी सुचवली, असं हायडनच्या एका जुन्या चरित्रकारानं नोंदवून ठेवलं आहे. पण कल्पना कुणाचीही असो, त्या कल्पनेच्या आडून हायडननं जे साधलं ते त्याचं स्वतःचं. या तीन रचनांत त्यानं वाद्यवृंदातल्या जवळजवळ प्रत्येकाला एकट्यानं बोलायची संधी दिली. ‘सकाळ’मध्ये सूर्य उगवल्यासारखी संथ सुरुवात होते आणि मग पहिली धून येते ती एकट्या बासरीवर. पुढं तीच धून परत यायची वेळ होण्याआधीच हॉर्नवाला घाई करून मधे घुसतो, जणू त्याला धीर निघत नाही. बसून ऐकणाऱ्याला हसू यावं, अशीच ती जागा आहे.

‘दुपार’मधली एक गोष्ट याहून धीट आहे. तिथं अचानक मुख्य व्हायोलिन बोलू लागतं. ऑपेरात गायिका दुःखानं व्याकूळ होऊन तालाबाहेर, थांबत थांबत, बोलल्यासारखं गाते ना, तसं. फक्त शब्द नाहीत. नंतर व्हायोलिन आणि चेलो दोघं मिळून गातात आणि शेवटी दोघांच्या मुक्त आलापीची जागासुद्धा हायडननं स्वतः लिहून दिली आहे. हे व्हायोलिन होतं लुइजी तोमासिनीचं. तोमासिनी मूळचा इटलीतल्या पेझारोचा. राजेसाहेबांकडं तो आला तो खोलीतला खासगी नोकर म्हणून. कपडे काढून देणं, निरोप पोचवणं ही त्याची कामं. पुढं त्याच्या हातातलं व्हायोलिन ऐकून त्याला वादकांत घेतलं. अशा माणसाला हायडननं वाड्यातल्या पाहुण्यांसमोर नायिकेची भूमिका दिली. हायडननं स्वतःच्या रचनांची जी यादी ठेवली, तिच्यात एका व्हायोलिन कॉन्चेर्टोपुढं त्यानं इटालियनमध्ये नोंद केली आहे, की हा लुइजीसाठी केला. आडनाव नाही, नुसतं लुइजी.

मला त्याहून गंमत वाटते ती व्हिओलोनेची. व्हिओलोने म्हणजे तळातला खर्ज धरणारं, माणसाएवढं मोठं तंतुवाद्य. त्याचं काम म्हणजे लग्नात मांडवाच्या खांबाचं काम. सगळं त्याच्यावर उभं, पण त्याच्याकडं कुणी बघत नाही. या तिन्ही सिंफनींत मिन्युएट नावाच्या नाचाच्या मधल्या भागात हायडन या अवजड वाद्याला पुढं आणतो. ‘सकाळ’मध्ये त्याच्या जोडीला बसूनही आहे. त्या खर्जवाल्याच्या घरी त्या रात्री काय बोलणं झालं असेल, असं मला उगाचच वाटत राहतं.

हे सगळं हायडननं का केलं? विद्वान सांगतात, की त्याला नव्या सहकाऱ्यांची मर्जी संपादायची होती, आणि राजेसाहेबांना आपण पैसे मोजून कसले वादक आणलेत ते दाखवायचं होतं. दोन्ही खरं असणार. पण यात एक तिसरी गोष्टही आहे असं माझं मत. करारानं त्याला बजावलं होतं, की वादकांशी जास्त सलगी नको. जेवणाच्या टेबलावर जी सलगी करायची नाही, ती त्यानं कागदावर केली. कुणाचा दम किती आहे, कुणाची बोटं किती चपळ आहेत, कुणाला थोडी चेष्टा चालते, हे जवळून ओळखल्याशिवाय असं लिहिता येत नाही.

पाल आंटोन १७६२ च्या मार्चमध्ये वारले आणि त्यांचे भाऊ निकोलाउस गादीवर आले. हे संगीताचे मोठे शौकीन. ते स्वतः बॅरिटॉन नावाचं एक वाद्य वाजवत. आपल्या सारंगीला जशा मुख्य तारांखाली तरफेच्या तारा असतात, तशा या वाद्यालाही असतात; आणि नुसत्या झंकारण्याऐवजी त्या मागच्या बाजूनं अंगठ्यानं छेडताही येतात. राजेसाहेबांना वाजवायला म्हणून हायडननं या वाद्याची सव्वाशेच्या आसपास त्रिकुटं लिहिली. एवढ्या कामावर आज फारसं कुणी वाजवत नाही असं वाद्य! असो.

१७६५ हे वर्ष मात्र हायडनला जड गेलं. वाद्यवृंदातला बासरीवाला फ्रांट्स सिगल एकदा पाखरं मारायला बंदूक घेऊन निघाला. बार उडाला आणि आयझेनश्टाटमधल्या एका घराच्या छपरानं पेट घेतला. जहागिरीचा कारभारी राहियर हा लष्करी बाण्याचा माणूस. त्यानं सिगलला कोठडीत टाकलं आणि नोकरीवरून काढलं. यावरून हायडनचा आणि राहियरचा चांगलाच खटका उडाला आणि सप्टेंबरात हायडननं राजेसाहेबांना पत्र लिहून आपली बाजू मांडली. ‘सकाळ’ची पहिली धून ज्याच्यासाठी लिहिली तो हा बासरीवाला. सरदाराच्या नोकरीत कलावंताचं स्थान काय, हे या एका प्रसंगानं कळतं. सिगल १७६७ मध्ये परत आला, हे सांगितलं म्हणजे ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडेल.

त्याच शरदात म्हाताऱ्या वेर्नरनी राजेसाहेबांकडं तक्रार केली. हायडन आळशी आहे, वाद्यं आणि संगीताची कागदपत्रं यांची हेळसांड होते आहे, शिस्त राहिलेली नाही. वेर्नर जुन्या वळणाचे, चर्चसंगीतातले जाणकार. त्यांना हा नवा मुलगा म्हणजे फॅशनवाला, गाणी पाडणारा वाटायचा. राजेसाहेबांनी हायडनला कडक समज दिली. सगळ्या कागदपत्रांची आणि वाद्यांची यादी करा आणि रचना जास्त जोमानं करा, विशेषतः बॅरिटॉनसाठी. हायडन दुखावला असणार. पण साधारण याच सुमारास त्यानं आपल्या रचनांची एक वही सुरू केली. प्रत्येक रचनेचे सुरुवातीचे दोन-चार स्वर लिहून ठेवायचे, म्हणजे ओळख पटावी. ही वही लक्षात ठेवा. तिच्याकडं मी शेवटी येणार आहे. वेर्नर पुढच्या मार्चमध्ये वारले आणि हायडन प्रमुख झाला.

निकोलाउस राजेसाहेबांनी मग नॉयझीडल तळ्याच्या काठच्या दलदलीत एस्टरहाझा नावाचा नवा प्रासाद उठवला. तिथं ऑपेरागृह, कठपुतळ्यांचं नाटकघर, बागा. पाहुण्यांना स्वर्ग, वादकांना मात्र जागेची टंचाई. जानेवारी १७७२ मध्ये हुकूम निघाला, की वादकांच्या बायकामुलांनी एस्टरहाझामध्ये दिसायचं नाही, एका दिवसासाठीसुद्धा नाही. अपवाद थोडे: हायडन, तोमासिनी आणि तीन गायक.

त्या वर्षी राजेसाहेबांचा मुक्काम लांबत गेला. थंडी सुरू झाली तरी आयझेनश्टाटला परतायचं नाव नाही. वादक हायडनकडं आले. पुढची गोष्ट संगीतप्रेमींना पाठ आहे. हायडननं नवी सिंफनी लिहिली. शेवटचा वेगवान भाग संपत आला असं वाटताना संगीत एकदम थांबतं आणि संथ, हळवं काहीतरी सुरू होतं. मग पहिला ओबो आणि दुसरा हॉर्न आपली छोटीशी जागा वाजवून गप्प होतात. वादक आपल्या पुढची मेणबत्ती विझवतो, वाद्य काखेत मारतो आणि निघून जातो. मग बसून जातो. मग दुसरा ओबो आणि पहिला हॉर्न. आपला तो व्हिओलोने जाण्यापूर्वी चांगली लांब तान घेऊन जातो. कुणीतरी शेवटी त्याला बोलायला दिलं! मग चेलो जातो, एकेक करून व्हायोलिनं जातात, व्हिओला जातो. उरतात दोन व्हायोलिनं, तीही आवाज दाबलेली. राजेसाहेबांना अर्थ कळला आणि दुसऱ्या दिवशी सामानाची बांधाबांध सुरू झाली, असं हायडननं म्हातारपणी आपल्या चरित्रकारांना सांगितलं. याला ‘निरोपाची सिंफनी’ म्हणतात.

या गोष्टीची दुसरीही एक आवृत्ती त्या काळी सांगितली जायची: राजेसाहेब वाद्यवृंदच मोडणार होते आणि तो बेत रद्द व्हावा म्हणून हे केलं. मला स्वतःला पहिलीच पटते, कारण जानेवारीचा हुकूम कागदावर आहे. दुसरा एक कागदही आहे, ऑक्टोबर १७७२ चा. हॉर्नला लावायच्या अर्ध्या स्वराच्या खास जोडनळ्या मागवल्याचं ते बिल. ही सिंफनी फ शार्प मायनर या आडवळणी स्वरात आहे आणि त्या नळ्यांशिवाय हॉर्नवाल्यांना ती वाजवताच आली नसती. म्हणजे राजाला घरी जाऊ द्या असं सांगण्यासाठी लागणाऱ्या सामानाचा खर्च राजाच्याच तिजोरीतून!

पण मला या गोष्टीत सगळ्यात जास्त विचार करायला लावते ती शेवटची जोडी. परंपरेनं सांगतात, की ती दोन व्हायोलिनं खुद्द हायडन आणि तोमासिनी यांची होती. आता तो हुकूम आठवा. बायकोला बरोबर ठेवायची मुभा ज्या मोजक्या लोकांना होती, त्यात हेच दोघं होते. घरी जायची घाई ज्यांना सगळ्यात कमी, ते मागं थांबले. आणि ज्यांची मुलंबाळं आयझेनश्टाटला होती ते आधी गेले. हायडननं हे जाणूनबुजून केलं असेल, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. दोन व्हायोलिनं शेवटी उरणं हे संगीताच्या दृष्टीनंही स्वाभाविकच आहे. पण त्या दालनात बसलेल्या प्रत्येक वादकाला हे ठाऊक होतं, एवढं नक्की.

वाद्यवृंद मोडला तो अठरा वर्षांनी. सप्टेंबर १७९० मध्ये निकोलाउस वारले. त्यांचे चिरंजीव आंटोन यांना संगीताचं फार वेड नव्हतं. जवळजवळ सगळ्यांना रजा मिळाली. हायडनला निवृत्तिवेतन आणि नावापुरता हुद्दा, तोमासिनीलाही निवृत्तिवेतन. बाकीच्यांनी कुठं जायचं ते आपापलं पाहायचं. सिंफनीत मेणबत्त्या विझवून उठून जाणं आणि खरंच उठून जावं लागणं यात किती अंतर असतं!

हायडन लंडनला गेला. योहान पेटर सालोमोन नावाचा जर्मन व्हायोलिनवादक लंडनमध्ये मैफली भरवत असे. त्यानं व्हिएन्ना गाठून त्याला उचलून नेलं. १७९१ च्या नव्या वर्षदिनी हायडननं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र ओलांडला. लंडनमध्ये राजेसाहेब नव्हते, वर्गणीदार होते. हॅनोव्हर स्क्वेअरच्या सभागृहात जो पैसे भरेल तो ऐकेल. आणि स्पर्धाही होती: दुसऱ्या मैफल-संस्थेनं हायडनचाच जुना शिष्य इग्नाझ प्लेयेल याला बोलावून घेतलं. गुरू-शिष्यांचे संबंध बिघडले नाहीत. पण वर्तमानपत्रांना खाद्य मिळालं. लंडनच्या श्रोत्यांना तेव्हा अनेक मुख्य वादक असलेल्या रचनांची चटक लागली होती आणि प्लेयेलचा त्यात हातखंडा. मग हायडननं घाईघाईत एक तशी रचना लिहिली. ९ मार्च १७९२ ला ती वाजली. मुख्य वादक चार: व्हायोलिनवर स्वतः सालोमोन, चेलोवर मेनेल, ओबोवर हॅरिंग्टन आणि बसूनवर होम्स. वाद्यवृंदाचे हेच सालोमोन म्होरके.

तिच्या शेवटच्या भागात एकाएकी सगळं थांबतं आणि व्हायोलिन बोलू लागतं. थांबत थांबत, ऑपेरातल्या गायिकेसारखं, शब्दांवाचून. एकतीस वर्षांपूर्वी ‘दुपार’मध्ये लुइजीला दिलेली युक्ती हायडननं लंडनमध्ये सालोमोनला दिली. तेव्हा ऐकायला एक राजा आणि त्याचे पाहुणे होते. आता तिकिटं काढून आलेली गर्दी.

आता ती वही. १७६० नंतरच्या त्या पहिल्या वर्षांत एस्टरहाझींकडं योसेफ वायगल नावाचा चेलोवादक होता. हायडनचा तो मित्र. त्याच्या मुलाचं नाव ठेवताना हायडन धर्मपिता झाला आणि तोच मुलगा पुढं व्हिएन्नात ऑपेरांचा नामांकित रचनाकार म्हणून गाजला. वायगल १७६९ मध्ये नोकरी सोडून व्हिएन्नाला गेला. त्याच्यासाठी लिहिलेला सी मेजरमधला चेलो कॉन्चेर्टो मात्र नाहीसा झाला. उरले फक्त वहीत टिपलेले सुरुवातीचे स्वर. जवळजवळ दोनशे वर्षं त्या स्वरांखेरीज जगाकडं काही नव्हतं.

१९६१ मध्ये प्रागच्या राष्ट्रीय संग्रहालयात ओल्द्रिख पुलकेर्त या अभ्यासकाला रादेनिन इथल्या वाड्यातून आलेल्या कागदांत चेलो कॉन्चेर्टोच्या हस्तलिखित नकला सापडल्या. वर नाव हायडनचं. पण त्या काळी खपावं म्हणून कुणाच्याही रचनेवर हायडनचं नाव टाकायची प्रथाच होती. खात्री पटली ती वहीमुळं. सुरुवातीचे स्वर तंतोतंत जुळले. १९ मे १९६२ ला प्रागमध्ये तो पुन्हा वाजला; चेलोवर मिलोश साद्लो, दिग्दर्शन चार्ल्स मॅकेरस यांचं आणि वाद्यवृंद चेकोस्लोव्हाक रेडिओचा. आज जगातला कुठलाही चेलोचा विद्यार्थी हा कॉन्चेर्टो शिकल्याशिवाय पुढं जात नाही.

त्या नकलांत एक बारीकशी गोष्ट आहे. सगळा वाद्यवृंद वाजत असतो तेव्हा आजचे मुख्य वादक बहुतेक वेळा धनुकली मांडीवर ठेवून, डोळे मिटून, आपली पाळी येण्याची वाट बघतात. वायगलच्या कागदावर त्या जागा रिकाम्या नाहीत. तिथं खर्जाची ओळ लिहिलेली आहे, इतरांबरोबर वाजवायची. एवढ्याशा वाद्यवृंदात चेलो वाजवणारा तो एकटाच होता. तेव्हा आधी सगळ्यांच्या खालचा खर्ज धरायचा, मग आपली पाळी आली की एकट्यानं गायचं, आणि ती संपली की मान खाली घालून पुन्हा खर्ज धरायचा.